विमासाहेबाचा हात उपरण्याखाली

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या मंडळी, कारण ही फजिती मी पुन्हा सांगणार नाही. तशी गरजही नाही म्हणा. आमच्या नांदुऱ्यात गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला आधी ही गोष्ट सांगतात आणि मग पाणी विचारतात. निदान तुम्ही तरी ती माझ्या तोंडून ऐका.

मी बैलांचा दलाल. वीस वर्षं बाजारात उभा आहे. कोणाला जोडी घ्यायची असली की मला पुढे करतात, आणि मी मालकाला असा पिळतो की तो शेवटी हात जोडतो, "घेऊन जा रघुभाऊ, पन आता बोलू नोका!" युक्ती काय? एकच. जनावराला नावं ठेवायची! खांदा बसला आहे, मागचा पाय ओढतो, डोळ्यात पाणी आहे... मालकालाच आपल्या बैलाची लाज वाटली पाहिजे. मग उपरण्याखाली त्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव करायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही.

तर असा मी. आणि माझ्यावर घराचा विमा काढायची वेळ आली.

झालं काय, आमचं घर रुळाच्या अंगाला. शेजारच्या नामदेवभाऊंची कडब्याची गंजी इंजिनाच्या ठिणगीनं भरदुपारी पेटली. गंजी गेली, गोठा गेला. जनावरं सोडली म्हणून वाचली. त्या दिवसापासून आमच्या घरातलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. शिट्टी ऐकली की ही पोळी तव्यावर टाकून मागच्या दारात! मुंबईची गाडी गेली की नागपूरची, ती गेली की मालगाडी. महिनाभर मी करपलेल्या पोळ्या खाल्ल्या. मी वरून थट्टा करायचो खरा, पण तिची भीती खरी होती आणि ती मला पाहवत नव्हती.

तिनंच कुठून तरी ऐकलं, की कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या कारखान्याचा आगीचा विमा आहे आणि त्या कंपनीचे साहेब नागपूरहून पाहणीला येणार आहेत. तिनं परस्पर निरोप धाडला आणि मला बजावलं, "हे पाहा, या खेपेले भाव करू नोका. तो सांगन तेवढे देऊन टाका. मले दोन घास सुखानं खाऊ द्या."

मी म्हटलं, "हाव."

आता तुम्हीच सांगा, वीस वर्षांची खोड एका 'हाव'नं जाते का?

साहेब आले. पन्नाशीचे, मूळचे पुण्याकडचे, अंगात काळा कोट, हातात छत्री. नाव मोठं अवघड होतं, आम्ही आपलं विमासाहेबच म्हणत होतो. त्यांनी भिंतींवर टिचक्या मारल्या, छताची टिनं पाहिली, परसात जाऊन आमची गंजी रुळापासून किती लांब ते पावलांनी मोजलं. मग ओट्यावर बसून म्हणाले, "घर उत्तम ठेवलंय हो तुम्ही. वर्षाला बारा रुपये पडतील."

बारा रुपये! हे स्वस्त की महाग? कसं ओळखायचं? बैल असता तर जबडा उघडून दात पाहिले असते, चार पावलं चालवून पाहिला असता. विम्याचे दात कुठं असतात? मला एवढंच ठाऊक, की पहिला भाव महागच असतो. दाराआडून बांगड्या वाजल्या. म्हणजे 'हो म्हणा'. मी तिकडं पाठ केली.

"कायचं उत्तम साहेब? भिंती पाहा, आतून पोकळ हायेत. अन् आढ्याचं लाकूड तं असं वाळलं, असं वाळलं का काडी दाखवाची देर!"

साहेबांनी वहीत लिहिलं. "असं का? मग चौदा होतील."

मी मनात म्हटलं, गडी पक्का दिसतो. बाजारात काही मालक असेच असतात, उतरण्याआधी थोडं चढून दाखवतात.

"चवदा? साहेब, आमची चूल नाही पाह्यली तुमी. ठिनग्या छतापर्यंत उडते!"

"सोळा."

"अन् ते गंजी? रूळ अन् गंजी, चार हात बी नाही मंधात!"

"मी मोजलंय, चाळीस पावलं आहेत. पण मालक म्हणतात तर... अठरा."

आत पळी आपटली. मी म्हटलं, आता तोंडानं जमत नाही, बोटांवर यावं. खांद्यावरचं उपरणं काढलं, साहेबांच्या मांडीवर टाकलं आणि खालून त्यांचा हात धरला.

"अहो! अहो, हे काय करताय?"

"बोला साहेब, इथं आपल्या दोघांशिवाय कोनी नाही."

साहेब हात ओढायला लागले. मी सोडतो का? त्यांची बोटं वळवळली आणि मी हिशेब लावला, "तीन बोटं? तीस? साहेब, हा तं जुलूम झाला!"

"अहो तीस नाही हो, अंगठी रुतते आहे माझी! सोडा!"

सोडला. मग म्हटलं, उलटं करून पाहू. निंदा करून चढतो, तर स्तुती करून उतरेल. "तसं पाह्यलं तं साहेब, घर काही वाईट नाही. अस्सल साग हाये. असं घर साऱ्या गल्लीत नाही."

"मग घराची किंमतच वाढवून धरावी लागेल. बावीस."

घ्या! खाली ओढलं तरी चढतो, वर उचललं तरी चढतो! असलं जनावर मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

साहेब भला माणूस. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की हा सौदा बैलाचा नव्हे. घर जितकं पेटायला सोपं तितका हप्ता जास्त, आणि पेटलंच तर कंपनी भरपाई देते. मी मान डोलावली. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. भाव कसा पारखायचा ते सापडलं! अहो, दिलं किती हे पाहायचंच नाही. परत किती येतं आणि किती दिवसांत येतं, ते पाहायचं!

"साहेब, एक हप्ता भरला अन् आठच दिवसात घर जळलं तं?"

"पूर्ण रक्कम मिळेल."

"आठ दिवसात बी?"

"अहो, दुसऱ्या दिवशी जळलं तरीसुद्धा."

मी मांडीवर थाप मारली. "मंग तं लय सस्तं हाये हे! मंघापासून काऊन नाही सांगतलं?"

साहेबांनी माझ्याकडं जरा नीट पाहिलं. मी आपला रंगात आलो होतो. एकेक शंका आत्ताच फेडून घ्यावी की नाही?

"त्या वक्ताले घरात मानसं पाह्यजेतच का?"

"नाही. तशी अट नाही."

"ढोरं आधीच सोडून नेले तं चालते?"

साहेबांचं लिहिणं थांबलं.

"अन् पेट्या, भांडेकुंडे आदल्या दिवशी सासऱ्याच्या घरी नेऊन ठेवले तं त्याचे पैसे तं नाही ना कापत? अन् उन्हाळ्यात जळलं का हिवाळ्यात, रक्कम तेवढीच ना?"

देवाशपथ सांगतो, माझ्या मनात पाप नव्हतं! बैल घेताना माणूस विचारतोच ना, उद्या लंगडला तर काय, परवा बसला तर काय? पण साहेब उठले. चहा अर्धा टाकून, छत्री काखेत मारून तरातरा स्टेशनाकडं निघाले. जाताना "कळवतो" एवढंच म्हणाले.

मी आत जाऊन छाती फुगवून सांगितलं, "सौदा झाला समज. मालक असा उठून गेला का समजाचं, भाव उतरला."

ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली होती.

पंधरा दिवसांनी नागपूरहून पत्र आलं. इंग्रजीत. आता इंग्रजी वाचणार कोण? हेडमास्तर. मी शहाणा, पत्र घेऊन त्यांच्या घरी जायचं सोडून बाजाराच्या दिवशी भरबाजारात त्यांना गाठलं! ही भाजी घ्यायला सोबत होतीच. नामदेवभाऊ होते, माझी सगळी गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी पत्र मनात वाचलं आणि खाकरले.

"रघुभाऊ, घरी वाचू या का?"

"इथंच वाचा मास्तर! समद्यांले ऐकू द्या."

मास्तरांनी मराठी करून वाचलं. "घराची समक्ष पाहणी केली. भिंती पक्क्या आहेत, छत टिनाचं आहे, गंजी योग्य अंतरावर आहे. आगीचा धोका फारच थोडा. तथापि, घरमालकाशी झालेल्या बोलण्यावरून सदर घराला सर्वांत मोठा धोका घरमालकापासूनच आहे, असं आमचं मत झालं. सबब विमा देता येत नाही."

बाजार गप्प! एक बैलसुद्धा हंबरला नाही. मग नामदेवभाऊंना जे हसू फुटलं ते साऱ्या बाजारात पसरलं. आमची ही मात्र मास्तरांना गंभीरपणे म्हणाली, "तासभर बसला व्हता तो मानूस आमच्या ओट्यावर. तासाभरात वळखलं त्यानं! मले चवदा वर्सं लागले."

मीही हसलो, दुसरं काय करणार? पण घरी जाताना वाटेत पाहिलं तर तिच्या डोळ्यात पाणी. तिनं एवढंच मागितलं होतं, आणि तेवढंच मी बोलून घालवलं. फार वाईट वाटलं. म्हटलं, "अवं, तू सांग, मी काहीही करतो."

"काही बी?"

"काही बी."

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून पाच रांजण आले. तीन मागच्या दाराशी, दोन गंजीपाशी. पहिली गाडी यायच्या आत ते काठोकाठ भरलेले पाहिजेत, आणि भरायचे मी. शिळं पाणी भाजीच्या वाफ्याला, ताजं रांजणाला. रोज! एकदा म्हणून पाहिलं, की पाचाचे चार कर. तिनं विहिरीकडं बोट केलं. मी घागर उचलली.

आता ती पोळ्या सुखानं करते, शिट्टी झाली तरी तव्यापासून हलत नाही. आणि मी विहीर ते घर, घर ते विहीर. माझी गिऱ्हाइकं रस्त्यात उभी राहून मोजतात. वर नामदेवभाऊ ओट्यावरून विचारतात, "काऊन रघ्या, बारा रुपये साल महाग व्हते का बे?"

महाग? अहो फुकट होते, फुकट! भाव पारखायला तसा मी अजूनही पक्का आहे, फक्त आता भाव कळायला मला विसावी घागर खांद्यावर यावी लागते.