शनवारा, सकाळी सहा

माझ्या शुगरचा आकडा, माझं घोरणं, दुकानाची जादा चावी कुठे असते — सगळं माझ्या बायकोला माहीत आहे. हे एवढं माहीत नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरंच सांगता येत नाही. सांगतोय, झालं.

वसंता मास्तर माझा शाळेपासूनचा दोस्त. मूळचा दापोऱ्याचा. जन्मभर मुलांना भूगोल शिकवला आणि रिटायर झाल्यावर आमच्या मागे लागला — पाच दिवस पायी सातपुड्यातून, चार तलाव आणि मधल्या सगळ्या टेकड्या! मी, तो आणि माझा मेहुणा सुभाष. तिघंही साठीच्या पुढचे. आठ महिने मास्तरला दुसरा विषय नव्हता. कार्डशीटवर रंगीत नकाशा काढला, प्रत्येक तलावाजवळच्या गावात फोन करून मुक्काम ठरवला. एवढ्यावर थांबला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण मास्तर तो मास्तरच. आमच्या सॅका त्याने केळीच्या वखारीतल्या काट्यावर तोलल्या. सहा किलोच्या वर काही नाही. माझ्या सॅकेतून शेवेची दोन पाकिटं निघाली, ती त्याने तिथल्या हमालांना वाटून टाकली — माझ्या डोळ्यांदेखत! पहाटे चारला उठायचं. तासाला दहा मिनिटं विश्रांती, तीही शिट्टीवर. आणि फोन एकच, माझ्याकडे. बाकीचे घरी. का? तर “निसर्गात जायचं तं निसर्गातच जायचं यार.”

तुम्हाला हसू येतंय ना? मीही हसायचो. पण आतून मला भीती वाटत होती. तो काडीसारखा, टेकडी दिसली की चढत सुटणारा. मी चाळीस वर्षं भांड्यांच्या दुकानात गादीवर बसलेला. पाच दिवस त्याची शिट्टी ऐकत, धापा टाकत, सगळ्यांच्या मागून चालायचं? तेही मेहुण्याच्या देखत? हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. नुसतं तेव्हा मनात काय होतं ते सांगतोय.

तर — फक्त वार ठरायचा बाकी होता. जीप मिळेल त्या दिवशी निघायचं, आणि भेटायचं शनवाऱ्याला — म्हणजे आमच्या बऱ्हाणपुरातल्या त्या नावाच्या चौकात, जुन्या दरवाजापाशी — हे केव्हाच ठरलेलं. मास्तर लेकीकडे खंडव्याला होता, पहाटेच्या गाडीने थेट तिथेच येणार होता. बुधवारी कळलं की जीप शुक्रवारची मिळाली. समोर गिऱ्हाईक उभं होतं, मी घाईघाईत त्याला लिहिलं, “जीप पक्की. शनवारा, सकाळी सहा.” शुक्रवार लिहायचा राहूनच गेला. इथपर्यंत ती साधी चूक होती, शपथेवर सांगतो. आणि असली चूक आम्हा बऱ्हाणपूरवाल्यांनाच जमते! मास्तर वाराचीच वाट बघत होता. त्याचं उत्तर आलं, “शनिवार, सकाळी सहा. ठीक!”

मी ते वाचलं. लगेच वाचलं. ‘अरे, शनिवार नाही’ असं लिहायला अंगठा उचललासुद्धा — आणि मग? मग माझ्यासमोर ते पाच दिवस आले. शिट्टीशिवायचे. शेवेसकट. मी फोन गल्ल्यावर पालथा घातला आणि गिऱ्हाइकाला कुकर दाखवायला लागलो. बुधवार गेला, गुरुवारही गेला. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो हो?

शुक्रवारी जीपवाला हॉर्न वाजवत होता. सुभाष म्हणाला, “लाव नं त्याले फोन.” मी फोन कानाला लावून चार पावलं लांब गेलो आणि परत आलो. “उचलत नाही,” म्हणालो. नंबर मी लावलाच नव्हता.

आणि लपवून काय करू — फार मजा आली! उन्हं वर आल्यावर उठायचं, तलावात पाय सोडून शेव खायची, दुपारी झाडाखाली ताणून द्यायची. मास्तरचा नकाशा इतका चोख की आम्ही एकदाही चुकलो नाही. तिसऱ्या तलावाशी एका मावशींनी चहा आणला. तीन कप, त्यातला एक वेगळा धरलेला.

“मास्तर नाही आले का? चार बार फोन आला होता त्यांचा. एक चाय बिना शक्करची ठेवजो म्हणे, माझ्या दोस्ताले शुगर आहे.”

चहा चांगला होता. मी तो सगळा प्यायलो.

मंगळवारी परत आलो तर मास्तर शनवाऱ्याला हजर, झेंडूचे दोन हार घेऊन! शनिवारी सहापासून नऊपर्यंत तो तिथेच सॅक पाठीला लावून उभा होता. फोन त्याच्याच नियमाप्रमाणे लेकीकडे ठेवलेला, शेवटी तिथल्या चहावाल्यानेच त्याला सांगितलं, ते तर कालच गेले. आमच्या गळ्यात हार घालून तो स्वतःच हसत सुटला. “अरे यार, मी शनवाऱ्याचा शनिवार करून टाकला! हे पाह्य, वरून जवाब बी देल्ला!” सुभाषने माझ्याकडे बघून विचारलं, तुला हा मेसेज दिसला नाही का? “गडबडीत बघायचा राहिला,” मी म्हणालो.

चार वर्षं झाली. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, हा किस्सा झाल्याशिवाय पंगत उठत नाही. मास्तर तो स्वतःच सांगतो, झकास सांगतो, आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसतो.

फक्त तेव्हापासून तो कुठलाही वार दोनदा विचारतो. पत्रिका आली की सुनेकडून वाचून घेतो. नकाशे काढत नाही. परवा दुकानात येऊन बसला होता. मी म्हटलं, काढ की पुन्हा एखादी पायी सफर. तर हसला. “नको यार. आता प्लॅन तू बनव. माझं डोकं भरोशाचं नाही राहिलं.”

त्याचं डोकं शाबूत आहे. त्या बुधवारीही शाबूतच होतं. हे मी एकटा जाणतो, आणि तो समोर बसला होता, दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं. वय झालं आपलं.”