दगड चाटणारे भाऊ

बेडूकभाऊ दगड चाटायचे. आमच्या आंबिवलीत ज्यांनी हे पहिल्यांदा बघितलं त्यांना वाटलं, माणूस कामातून गेलाय. ओढ्यातला दगड उचलायचा, सदऱ्याला पुसायचा, जिभेचं टोक लावायचं आणि उन्हात तिरपा धरून बघायचा. पोरं विचारायची, "भाऊ, मीठ बरोबर आहे का?" ते गंभीरपणे म्हणायचे, "कोरडा दगड मुका असतो रे. ओला केला की बोलतो."

ते मुंबईच्या म्युझियमात कामाला होते. इंग्रज गेल्यानंतरची ती वर्षं. पावसाळा लागला की कल्याणला गाडी बदलून आमच्याकडे यायचे, बांधावरचे बेडूक धरायला. बेडूक ओल्या फडक्यात, फडकं पत्र्याच्या डब्यात. मुंबईत बेडूक मिळत नाहीत का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, मुंबईत दगडातले मिळालेत. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी चिखलात दबले आणि दगड झाले. "गणपतराव, पणजोबा दगडात आहे आणि पणतू तुमच्या बांधावर. दोघांना शेजारी बसवल्याशिवाय नातं कसं कळणार?"

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेलो. पण हे ऐकलं आणि मला आमच्या विहिरीवरचा देव आठवला. माझ्या बापाने विहीर खणली तेव्हा एक काळी फरशी निघाली. तिच्यावर चार हातापायांची बारकी आकृती होती, आणि त्याच दिवशी पाणी लागलं. बापाने तिला शेंदूर लावून काठावर बसवलं. तेव्हापासून दर अवसेला शेंदूर आणि तेल. आकृती कधीच बुजून गेली.

हे सांगितलं मात्र, भाऊ विहिरीवर मांडी घालून बसले ते उठेनात. लहानपणी तुम्ही पाहिलीत ना? डोकं रुंद होतं की निमुळतं? मागचा पाय कसा होता? मला आठवेना. थर सोडवता येईल का, असं त्यांनी एकदाच विचारलं.

मी म्हटलं, "देवाचे कपडे माणसाने काढायचे नसतात." आजही हेच म्हणेन.

शेंदराचं कवच वर्षानुवर्षं चढत जातं आणि एक दिवस देव ते आपणहून टाकतो, हे मात्र मी सांगितलं. "मग थांबतो," भाऊ म्हणाले. "आमच्या कामात घाईच्या माणसाचा उपयोग नाही." आणि थांबले. दर वर्षी यायचे, चपला काढून देवाला हात जोडायचे, मग कवचावर बोटाने टकटक करून कान लावायचे. माझी बायको म्हणायची, भाऊ देवाची नाडी बघतायत.

शेवटच्या खेपेला थकलेले दिसले. निघताना म्हणाले, "गणपतराव, मी नसलो तरी मागचा पाय तेवढा बघून ठेवा." मी म्हटलं, काय अभद्र बोलता.

पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग एका सकाळी कवच सुटून काठावर पडलेलं.

रीत अशी, की कवच काळू नदीत सोडायचं आणि त्याच दिवशी देवाला नवा शेंदूर लावायचा. कवच मी सोडलं. शेंदूर लावला नाही. देवावर धोतराचा धडपा टाकला आणि मुंबई गाठली. म्युझियमातला माणूस म्हणाला, त्यांची नोकरी संपली, गावी गेले, कुठल्या ते ठाऊक नाही. दुसऱ्या कोणाला पाठवू का? मी म्हटलं, नको. भाऊ वारले असं मला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मीही तसं म्हणणार नाही.

दिवस जात राहिले तसं गावात बोलणं सुरू झालं, याने देव उघडा ठेवलाय. मी ऐकून घेतलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, यायचे असते तर आले असते."

तेव्हा शेंदराची वाटी घेऊन विहिरीवर गेलो. धडपा काढला. फरशी सुकून करडी पडलेली, काही दिसेना. तांब्याभर पाणी जवळ होतं. ते राहू दिलं, वाकलो आणि देवाला जीभ लावली.

डोकं रुंद आहे. मागचा पाय लांब, गुडघ्यात दुमडलेला, आता उडी घेईल असा. नीट बघून ठेवलाय, भाऊ.

मग शेंदूर लावला.

नवं कवचही आता जाड झालंय. बांधावर बेडूक ओरडू लागले की मी संध्याकाळचा विहिरीवर जाऊन बसतो. कल्याणहून आलेली गाडी थांबून पुढे जाईपर्यंत उठत नाही.