केसील नावाचा मूर्ख

आदिलाबादच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेनंतर मी शास्त्रातला एखादा शब्द समजावून सांगतो. मी शाळामास्तर, हिब्रू एकट्यानं, पुस्तकांवरून शिकलो. गेल्या हिवाळ्यात उपकारस्तुतीच्या सणाला मी ‘केसील’ हा शब्द घेतला. भाषांतरात त्याला मूर्ख म्हटलंय. पण अक्कल कमी असलेला तो केसील नव्हे, असं मी सांगितलं. या शब्दाचं मूळ कंबरेशी, गुर्द्यांवर साठणाऱ्या चरबीच्या जागेशी जुळतं. भरवसा हा अर्थही तिथूनच निघतो. केसील म्हणजे आतून चरबी चढलेला, स्वतःवर गाढ भरवसा असलेला माणूस. त्याला सगळं ऐकू येतं, पण आत काही पोचत नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

मग मंडपात मटणाच्या पंगती बसल्या. आम्ही पंचकमिटीचे लोक पहिल्या पंगतीत. तेवढ्यात तामसी गावाकडची एक बाई आली. तिचा नवरा पहाटे सरकारी दवाखान्यात दारूपायी वारला होता. आमच्याकडे कुणी गेलं की देवळाची घंटा सावकाश वाजवतात आणि शवपेटी वेदीपुढे ठेवून प्रार्थना होते. जो मंडळीपासून तुटला, त्याला मात्र घंटेविना थेट कबरस्तानात नेतात. बाईला घंटा हवी होती.

“इतके वर्ष तोंड नाही दाखवलं,” खजिनदार नळी चोखत म्हणाले, “अन् आता एकदम घंटाच पायजे?”

“ते नाही आले जी. मी येतच होती. मागं बसत होती.”

“मागं म्हंजे चपलाइजवळ काय?” शेजारी बसलेले मंडळीचे एक वडील हसले. “दारुड्यायसाठी घंटा वाजवाले लागलो, तं दोर तुटून जाईन!”

पंगत हसली. रश्श्याचे शिंतोडे त्या वडिलांच्या दाढीत अडकले होते. तरी माझा जेवणारा हात थांबला नाही.

“मास्तर, तुमी सेक्रेटरी. नियम काय म्हनते?” खजिनदारांनी मला विचारलं.

असा नियम कुठंच नाही. नुसती वहिवाट आहे. हे त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, “जेवण आटपू द्या, मग बसून ठरवू. बाई, तुम्ही पण दोन घास खाऊन घ्या.”

कुणीतरी तिच्यापुढे पत्रावळ ठेवली. तिनं हात लावला नाही. थंडीनं तिच्या रश्श्यावर पांढरी साय धरत गेली. मी ती बघत होतो, आणि बघता बघता मी पुन्हा वाढून घेतलं. हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

हात धुवून आलो, तर बाई निघून गेली होती. तरी आम्ही बसलो, घंटा नाही असं ठरवलं आणि सगळ्यांबरोबर मीही हात वर केला. ती तिथं नव्हती, मग हात कुणाला दाखवायला वर केला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी बसनं तामसीला गेलो. दिराच्या टेम्पोतून प्रेत आणून त्यांनी शेताच्या धुऱ्याजवळ पुरलं होतं. ती अंगण झाडत होती.

“तुमी काऊन आले मास्तर?”

“घंटा वाजवायला हवी होती. माझं चुकलं. प्रार्थना करू का?”

“झाली जी प्रार्थना. माझ्या जाऊनं स्टीलचं ताट वाजवलं, गावातले चार लोक आले, तेच बोलले.” तिनं फडा भिंतीला टेकवला, मला पाण्याचा गिलास आणून दिला. “जा तुमी. आदिलाबादची बस हाय आता. गेली तं मंग बसून राहा लागन.”

तिच्याजवळ थांबावं, निदान धुऱ्यापर्यंत जाऊन यावं, असं मनात होतं. पण शाळेची दुपारची हजेरी आठवली आणि मी बसकडे पळालो.