अलर्ट आला तर फोन नाही

कुवेतच्या विमानतळावर, अमेरिकेला कॉलेजसाठी निघालेल्या सईने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, पासपोर्ट चाचपला आणि म्हणाली, "मॉम, कॅम्पस अलर्ट आला तर मला कॉल करायचा नाही. मी कुठेतरी लपलेली असेन आणि फोन सायलेंट करायला विसरले असेन तर?" मी मान हलवली. मी इथे कॅज्युअल्टीत नर्स आहे. सूचना एकदा ऐकली की पुरते.

मी मिरज सोडलं तेव्हा आईची सूचना नेमकी उलटी होती. "पोचल्या पोचल्या फोन कर, तोवर मी जेवणार नाही." इथे कुवेतला फरवानियात आम्ही चौघी नर्सेस एका खोलीत राहायचो. खालच्या दुकानातून फोनचं कार्ड घ्यायचं, रांग लावायची, आवाज ऐकवायचा. तेवढ्यावर आईचा आठवडा निघायचा.

बारावीनंतर सईला इथून बाहेर जाणं भागच होतं. इथे वाढलेल्या आपल्या बहुतेक मुलांना असतं, पुढची कॉलेजं इथे मोजकीच. पुण्याला मीच नको म्हटलं. तिथल्या मुली टू-व्हीलर कशा चालवतात ते सुट्टीत पाहिलं होतं. अमेरिकेत तिच्या राज्यात परवाना असला की विद्यार्थी पिस्तूल घेऊन वर्गात बसू शकतो, हे ॲडमिशन झाल्यावर कळलं. तिची रूममेटही खोलीतल्या छोट्या तिजोरीत एक ठेवते. चांगली मुलगी आहे, सईला ताप आला तर सूप करून देते. त्या पिस्तुलामुळे तिला झोप लागते आणि सईला लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या संध्याकाळच्या ड्यूटीत माझ्याही मोबाइलवर तिच्या कॅम्पसचा अलर्ट आला: दारं लावा, दिवे बंद करा. फहाहीलच्या एका स्वयंपाक्याचा भाजलेला हात माझ्यासमोर होता. ड्रेसिंग पुरं केलं. मग आठवलं, ही आईची वेळ. मिरजेत जेवणं आटोपली की ती रोज नातीला फोन लावते.

मी आधी आईला गाठलं. सईची परीक्षा आहे, आज राहू दे, म्हणाले.

"परीक्षेत फोन जवळ ठेवू देतात होय? वाजला तर वाजला."

"आई, ती वर्गात लपलीय. बाहेर कोणीतरी बंदूक घेऊन फिरतोय. फोन वाजला तर त्याला कळेल."

आई म्हणाली, "तू फोन ठेवू नकोस. तुझ्याशी बोलत राहिले म्हणजे माझा हात तिकडे जायचा नाही."

आणि बोलत राहिली. गॅसवाला, नळाचं पाणी, शेजारची सून माहेरी जाऊन बसलीय ते. मी हूं हूं करत होते. शेवटी सईचा मेसेज आला, 'ऑल क्लिअर.' तो माणूस विद्यार्थीच निघाला, पिस्तुलाचा परवाना असलेला. वाकताना जॅकेट वर सरकलं, कुणीतरी पिस्तूल पाहिलं आणि कळवलं. चूक कोणाचीच नव्हती. पुढचा तास ठरल्या वेळी झाला. सई बसली.

"घेऊन ये तिला घरी," आई म्हणाली. कुठल्या घरी? एगैलातला आमचा फ्लॅट सईच्या बाबांच्या कॉन्ट्रॅक्टपुरता, आणि मिरज तिला सुट्टीतलं गाव. मी आजवर सोपं धरून चालले होते: ज्याला केव्हाही फोन लावता येतो, ते आपलं घर. तुम्ही परदेशात गेलेल्यांनी आणि मागे राहिलेल्यांनीही त्यावरच निभावलं असेल.

आता आई रोज आधी मला विचारते, "सईला करू का गं?"

मी मोबाइल बघते, अलर्ट नसतो, मी कर म्हणते. बंदूक आधी येते, अलर्ट नंतर, हे मी तिला सांगितलेलं नाही.