स्वल्प सरका

आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळूरला आलं असं आमच्याकडे सांगतात. पुरावा कुणाकडेच नाही, त्यामुळे वादही नाही. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि कचेरीत इंग्रजी, अशा तीन खणांत माझं आयुष्य गेलं. कचेरीतल्या बैठकांत समोरच्या कागदाच्या पाठीवर चित्रं काढायची सवय लागली. निवृत्तीनंतर बैठका सुटल्या, चित्रं वाढली. एकदा इथल्या मराठी समाजाच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शनही झालं. उद्घाटकांनी कलेवर दीर्घ भाषण केलं आणि चित्रं न बघताच निघून गेले. त्यांना आणखी एका उद्घाटनाला जायचं होतं.

मग बायकोने माझ्या नावाचं खातं उघडून चित्रांचे फोटो फोनवर टाकायला सुरुवात केली. "कपाटात वाळवी बघते, त्यापेक्षा माणसं बघू देत," ती म्हणाली.

पहिलं चित्र बसमधलं होतं. एक बाई मांडीवर शेवंतीची टोपली घेऊन दोघांच्या जागेवर ऐसपैस बसलेली, समोर दांडी धरून उभा मी. खाली ओळ लिहिली होती: "स्वल्प सरका की, अक्का."

हळूहळू माणसं येऊ लागली. पुण्याची, नागपूरची, इथे कंपन्यांत काम करणारी. ती सगळी याच शहरात राहत होती. त्यांच्यापैकी कितीजणांशी मी बसमध्ये हिंदीत बोललो असेन, आणि त्यांनी माझ्याशी हिंदीत. आता ती रोज सकाळी माझ्या चित्राखाली मराठीत भांडत. एक दिवस चित्र टाकलं नाही तर "अण्णा, तब्येत बरी ना?" असं विचारत. इतक्या लोकांनी माझी चौकशी यापूर्वी फक्त निवृत्तीच्या दिवशी केली होती, आणि तेव्हा समोसे होते.

घोटाळा केला तो एका पुणेकर गृहस्थांनी. त्यांनी लिहिलं, "स्वल्प! हा शब्द आम्ही स्वल्पविरामापुरता उरवला, आणि ही माणसं तो बसमध्ये वापरतात! शिवकाळाची शुद्ध मराठी इथे जिवंत आहे." ते वाचून लोक गहिवरले. पाठोपाठ इथल्याच के. आर. पुरम भागातल्या एका मराठी तरुणाचा फोन आला. त्याला माझी मुलाखत फोनवरून थेट दाखवायची होती. मी हो म्हणालो. मग त्याने केलेली जाहिरात पाहिली: 'साडेतीनशे वर्षे जपलेली अस्सल मराठी.'

ती मी दोनदा वाचली. 'स्वल्प' मुळात संस्कृत असेलही, पण आमच्या घरात तो भाजीवाल्याकडून आला होता. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं. इथे रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे तो शब्द वापरतात. आम्ही काहीही जपलेलं नव्हतं. शेजारी जे बोलले, ते तोंडात बसलं होतं.

त्याहून वाईट गोष्ट मला पुढच्या काही दिवसांत कळली. माझा कुठला शब्द मराठी आणि कुठला कन्नड, हे मलाच सांगता येत नव्हतं. जेवताना ताटातल्या कोरड्या भाजीकडे बोट दाखवून मी बायकोला विचारलं, "पल्य म्हणजे मराठीत काय?"

"पल्य म्हणजे पल्य."

"पुण्यात काय म्हणतात?"

"पुण्यात जेवाल तेव्हा विचारा. आता गार होतंय."

मला हसू आलं नाही. हे लोक फसवले गेलो म्हणून उठून गेले, तर मी पुन्हा कपाट आणि वाळवीकडे जाणार होतो. वाचनामुळे सावधपणाची लेखी मराठी मला येत होती. मुलाखतभर तीच बोलायची, असं मी ठरवलं. आरशासमोर "किंचित सरकावे" असं म्हणून पाहिलं. आरशातला माणूस नोटीस बजावायला आल्यासारखा दिसला.

रविवारी सकाळी बायकोने फोन तिखटाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर तो तरुण आणि खाली सरकणाऱ्या ओळी.

"सर, तुमच्या घराण्याने ही भाषा इतकी शुद्ध कशी राखली?"

मी तयार केलेलं वाक्य आठवू लागलो. आठवेना. शेवटी तोंडातून निघालं ते हे: "सरी, एक स्वल्प थांबा."

"वा!" तो म्हणाला.

"वा नाही हो," मी म्हणालो. "कन्नड आहे ते. दोन्ही शब्द. सरी म्हणजे बरं. भाजीवाल्याचे."

खालच्या ओळी थांबल्या. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा होता, तो उतरू लागला. मी त्या आकड्याकडे, पेशंटच्या नातेवाइकाने यंत्राकडे बघावं तसा बघत होतो.

मग एक ओळ आली. "अण्णा, मग 'अण्णा' पण कन्नडच का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते मात्र अगदी खरं होतं.

"तूप हा शब्द पण कन्नडमधूनच आला म्हणतात," कुणीतरी लिहिलं.

"तूप आमचं आहे!" पुणेकर गृहस्थ.

"काका, तूप घ्या, पण स्वल्प सरका," नागपूरची कुणी मुलगी.

पुढे कितीतरी वेळ कुणी मला काही विचारलंच नाही. तुपावरून जुंपली होती. आकडा कधी चढत होता, कधी उतरत होता. कोण गेलं आणि कोण आलं ते कळायला मार्ग नव्हता. पुणेकर गृहस्थ मात्र गेले. "निराशा झाली," एवढं लिहून गेले. ती ओळ वर सरकून दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडेच बघत होतो.

शेवटी इथल्याच बनशंकरी भागातल्या एका बाईने लिहिलं, "अण्णा, आम्ही काही मराठी घरं पुढच्या रविवारी आमच्याकडे जमतोय. चित्रं घेऊन या. माझी मुलगी 'सरी सरी' म्हणते म्हणून मी तिला रागावत होते. तिच्याशी स्वल्प बोला."

तिथे डब्याला टेकवलेला फोन नसणार. खरी माणसं, समोरासमोर, आणि मध्ये मी. नकार कसा लिहावा याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्या ओळीखाली उत्तर उमटलं: "नक्की येतो." माझ्याच नावाने. मी मान वळवून पाहिलं. बायको दारात तिचा फोन घेऊन उभी होती.

"काय बोलणार मी तिथे?" मी विचारलं.

"ते त्या पोरीला विचारा," ती म्हणाली.