मनगटातला काळा दोरा

पुष्पलताताईंचा राग लकडगंजात सगळ्यांच्या ओळखीचा. भाजीवाल्यानं दबलेला टमाटर पिशवीत सरकवला, तरी त्याची गल्लीभर शोभा व्हायची. पण त्या सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात त्यांचा आवाज चढला नाही, आणि ही लक्षणं जास्त वाईट होती.

उमरेडच्या विणकराची ही लेक. सारी नोकरी सरकारी दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात गेली. रिटायर झाल्यावर पोरगा पंकज म्हणाला, आता पाय पसरून बस. बसणं त्यांना जमलं नाही. हिंगणा रोडवरच्या एका नर्सिंग कॉलेजात त्या फुकट शिकवायला जाऊ लागल्या. भुकेचं रडणं कोणतं, दुखण्याचं कोणतं, हे त्या नक्कल करून दाखवायच्या. पोरी हसायच्या, आणि भ्यायच्याही.

रविवारी कॉलेजच्याच दवाखान्यात काजल नावाच्या विद्यार्थिनीनं एका तान्ह्याच्या हाताला सलाईन लावलं. बाळाच्या मनगटात दृष्टीचा काळा दोरा होता. तो आधी काढायचा असतो. पण बाळाची आजी प्रयागबाई आडवी आली. देवाजवळून आणलेला दोरा, त्याले कात्री लावायची नाही म्हणाली. काजल खेड्यातली, तिच्या भाच्याच्या हातातही असाच दोरा. तिनं कात्री ठेवून दिली. पुढं सलाईन शिरेबाहेर झिरपलं, हात फुगला, दोरा रुतला, बोटं निळी पडली. डॉक्टर नेमके आले, त्यांनी दोरा कापला म्हणून हात वाचला.

संस्थेच्या अध्यक्षांनी, भैयाजींनी, निकाल आधीच लावला होता. पोरीला काढून टाकायचं, म्हणजे बाळाच्या घरचे गप्प बसतील.

ताईंनी आधी काजललाच धारेवर धरलं. "आजी कापू देत नाही, तर तिलेच सोडायले सांगायचं. पाळण्याले बांधा म्हणायचं. आमच्या वॉर्डात किती आज्यांनी आपल्या हातानं सोडले. दोऱ्याले कात्रीच लागते, हे कोणं सांगितलं वं तुले?"

काजल रडत राहिली. मग ताईंनी विचारलं, ड्यूटीवर सिस्टर कोण होती? काजलनं भैयाजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खालच्या आवाजात तिनं सांगितलं, की रविवारी सिस्टर नसतेच. वॉर्ड पोरीच सांभाळतात.

ताई खुर्ची सरकवून उठल्या. दर आठवड्याला येऊन त्या घसा कोरडा करत होत्या, आणि त्यांनी शिकवलेल्या पोरींना इथं एकटं सोडून हे लोक रविवार साजरा करत होते.

"ताई, तुम्ही शांत व्हा," भैयाजी म्हणाले. "कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे."

"नावाचंच बोलून राहिली मी. बाहेर पाटीवर शिक्षकांत माझं नाव लिहिलं ना? हिले काढता, तर ते पुसून टाका. आणि तपासणीवाले आले की दारात खुर्ची टाकून बसते. काहून पुसलं, ते मीच सांगते त्यायले."

कॉलेजची सरकारी तपासणी तोंडावर आली होती, आणि पाटीवरच्या नावांपैकी ताईंशिवाय खरोखर शिकवायला कोण येतं, हे भैयाजींना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला. पोरीला राहू द्या म्हणाले. रविवारी सिस्टर ठेवू, तेही म्हणाले. चहा मागवला. ताईंनी कपाला हात लावला नाही.

बाहेर येताच काजल त्यांच्या पायाशी वाकली.

"माह्या पाया नको पडू. चाल वॉर्डात."

प्रयागबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. काजलला पाहताच तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. पोरखेळ लावला का इथं, तुह्या घरी लेकरं नाहीत का, असं बरंच. आजूबाजूच्या बाया उठून पाहू लागल्या. काजलनं दोनदा मागं वळून पाहिलं. ताई खांबाला टेकून उभ्या राहिल्या, मधे पडल्या नाहीत.

"दोऱ्यानं हात जाईन, हे मले तवाच काहून नाही सांगितलं?" म्हातारीनं शेवटी विचारलं.

"तुमचं भेव वाटलं, आजी."

 म्हातारीनं पदराआडून बाळाचा हात पुढं केला. सूज अजून होती. काजल खाली फरशीवर बसली, बोटात रक्त फिरतं का पाहायला तिनं बाळाचं इवलंसं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं पडलेलं नख हळूहळू गुलाबी झालं.

"बाकीची बोटं कोण पाहीन?" मागून ताईंचा आवाज आला. त्यात राग तसाच होता.