मैनाबाईकडे ठेवलेली भूक

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. एक तर आम्ही बौद्ध. घरात अंगारा नाही, उतारा नाही, नजर काढणं नाही. दुसरं म्हणजे माझा धंदाच तसा आहे. मी वडशाच्या एका नाट्यकंपनीत ऑर्गन वाजवतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात पडद्यामागून पांढरी साडी आली की पब्लिकच्या अंगावर काटा आणणारे ते थरथरते सूर असतात ना... ते मीच काढतो. एका हाताने सूर आणि दुसऱ्या हाताने आलुबोंडा, असंही केलेलं आहे. जो माणूस इतकी वर्षं लोकांना भूत पुरवतो तो स्वतः कशाला घाबरेल?

पण मागच्या सीझनपासून माझ्या बाबतीत जे चाललंय त्याचा मेळ मला अजून लागलेला नाही. म्हणून इथे लिहितोय. हसायचं असेल तर हसा, आमच्या कंपनीतले पण हसतातच.

आधी माझी खोड सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यापासून सुरू होतं.

आमचं नाटक रात्री जेवणं उरकल्यावर उभं राहतं आणि उजाडायला संपतं. मध्यंतर दोनच्या सुमारास. मंडपाबाहेर गाड्या लागलेल्या असतात. भजे, आलुबोंडे, फल्लीदाणे, सेव, चहा. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज त्या वेळेला पोटात काहीतरी टाकायची शरीराला सवय लागते. इतरांची सवय होळीला सुटते. माझी सुटली नाही. ऐन उन्हाळ्यात, घरी, कूलरसमोर झोपलेलो असलो तरी दोन वाजले की डोळे टक्क उघडे! मग स्वयंपाकघरात चोरपावलांनी जायचं आणि सापडेल ते हाणायचं. बायकोने, म्हणजे वंदनाने, सेवचा डबा तांदळाच्या ड्रममध्ये पुरून ठेवला, तो मी अंधारात नुसत्या वासावर काढला. सकाळी ड्रमाभोवती तांदूळ सांडलेले आणि मी साळसूदपणे पेपर वाचतोय.

मग शुगर निघाली. तरी मी मनावर घेतलं नाही. पुढे उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेचना. आता ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवायची पेटी. दोन्ही पाय रात्रभर वर-खाली, वर-खाली. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी जखम बघून सरळ सांगितलं, "रात्रीचं खाणं बंद होत नसेल तर अंगठा काढायची तयारी ठेवा. अंगठ्यावर थांबेल याची गॅरंटी मी देत नाही."

त्या दिवशी मी खरंच हादरलो. पाय गेला तर पेटी गेली, आणि पेटी गेली तर मला दुसरं काय येतं? कंपन्यांमध्ये कीबोर्डवाली पोरं आधीच दारात उभी आहेत. मी रोज रात्री शपथ घेऊन झोपत होतो आणि रोज दोन वाजता ती मोडत होतो. वंदना एकदा रडली. म्हणाली, "तुमाले पाय पाहिजे का सेव पाहिजे, एकदाचं सांगून टाका." मला उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात सेव होती.

अशा अवस्थेत मागच्या सीझनला आमचा एक प्रयोग लागला. कुरखेड्याच्या पुढे, कोरची रोडवरून आत जंगलात गाव आहे. नाव देत नाही, त्या घरच्यांना विचारलेलं नाही. झाडीपट्टीत पद्धत अशी की कलाकारांची जेवणं गावकऱ्यांच्या घरी वाटून दिलेली असतात. आम्हा वाजवणाऱ्यांची पाळी एका गोंड कुटुंबाकडे आली. घरात म्हातारी मैनाबाई, तिचा मुलगा दिलीप, सून. जेवण साधं आणि फक्कड होतं. गरम भात, लाखोळीची डाळ, वांगं. मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर कण्यांच्या पेजेची वाटी होती आणि तिने तिला हातसुद्धा लावलेला नव्हता. मी सहज म्हटलं, "बाई, तुम्ही नाही जेवत?" तर दिलीपच मध्ये बोलला, "राहू द्या मास्तर. तिचं तसंच आहे." मी पुढे विचारलं नाही.

आता आमची एक रीत. ग्रीनरूम म्हणजे चार बांबू आणि ताडपत्री, तिथे कुणाचंही काही सुरक्षित नाही. म्हणून स्टेजवर जाण्याआधी अंगठ्या, घड्याळं, पाकिटं आम्ही जेवायच्या घरच्या बाईकडे ठेवतो आणि सकाळी गाडीत बसताना मागून घेतो. पहाटेच्या अंधारात, झोपेच्या गुंगीत, कधी कधी वस्तूंची अदलाबदल होते. एकदा आमच्या हिरोची अंगठी तबलजीच्या घरी जाऊन राहिली होती आणि तबलजीच्या बायकोने ती आठवडाभर आनंदाने घातली. पण हरवत कधीच नाही.

मैनाबाईने रिकामा डबा पुढे केला. तबलजीने घड्याळ टाकलं, ढोलकीवाल्याने पाकीट. मग डबा माझ्यासमोर आला.

"तुमी काय ठेवून राह्यले, भाऊ?"

मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवण्यासारखं काहीच नाही, बाई. रात्री दोनची भूक आहे तेवढी. ती ठेवून घ्या."

सगळे हसले. मैनाबाई हसली नाही. तिने हात पसरला आणि थांबली. आता नाटकवाल्यांसमोर कुणी रिकामा हात पसरला तर आम्ही काय करणार... मी पण खिशातून काहीतरी जड काढल्यासारखं केलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ मिटली. मूठ डब्यात उघडली. झाकण लावलं.

"सकाळी आठोनीनं घेऊन जा," ती म्हणाली. "माह्याकडं कोनाची वस्तू राहात नाई."

नाटक उभं राहिलं. मध्यंतरात नेहमीप्रमाणे कागदावर दोन आलुबोंडे माझ्यासमोर आले. मी एक उचलला आणि परत ठेवला. बरं वाटत नव्हतं असं नाही. वास येत होता, छान येत होता, पण तो माझ्यासाठी नव्हता. शेजारच्या घरातून फोडणीचा वास यावा तसा. ढोलकीवाल्याने माझे दोन्ही आलुबोंडे खाल्ले आणि मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

पहाटे मी पेटी गाडीत चढवण्यात गुंतलो होतो. बाकीच्यांनी आपापल्या वस्तू घेतल्या. मैनाबाई अंगणातून म्हणाली, "मास्तर, तुमची वस्तू?" मी गाडीतूनच हात हलवला. "राहू द्या बाई, पुढच्या वर्षी घेतो." गाडी सुटली. माझी चूक झाली असेल तर ही.

त्यानंतर दोन वाजताची भूक मला लागलीच नाही. त्या सीझनभर नाही, होळीनंतर घरी आल्यावरही नाही. दिवसा व्यवस्थित लागायची, दोन्ही वेळा जेवत होतो. रात्री मात्र झोप मोडायचीच नाही. एकदा मुद्दाम जागलो, ताटात सेव-फल्लीदाणे घेऊन बसलो, घड्याळाकडे बघत. काही नाही. खायचंच म्हणून चार दाणे चघळले तर लाकूड चावल्यासारखं वाटलं. जखम भरत आली. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळीचा गुण. वंदना म्हणाली, भीतीचा गुण. मी दोघांनाही हो म्हटलं, कारण मैनाबाईचं नाव घेतलं असतं तर दोघांनीही मला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

उन्हाळ्यात कोरचीकडे एका लग्नात वाजवायला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून मैनाबाईकडे गेलो. एक लुगडं घेतलं होतं. का घेतलं हे तेव्हा स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. दिलीप बाहेर मोहफुलं वाळत घालत होता. मला बघून खूश झाला आणि आपणहूनच बोलायला लागला.

"मास्तर, तुमचं नाटक आमाले लय फळलं. बाबा गेल्यापासून आईनं जेवनच सोडलं होतं. दिवसभरात दोन घोट पेज, तेही पाठीमागे लागून. आमी तं आशा सोडली होती. तुमचं नाटक झालं त्या रात्रीपासून पाहा... दोन वाजता उठते. सोता चूल पेटवते, पेज करते, वाटीभर खाते. आता दिवसाही जेवते."

मी हातातलं लुगडं ओसरीवर ठेवलं.

"आनि मधामधात सेव मांगते," दिलीप हसत होता. "जिंदगीत सेव नाई खाल्ली तिनं. मले कुरखेड्याहून आनावी लागते. आनि एक नवीनच खोड लागली तिले. खाताना दोन्ही पाय हालवत राह्यते. असे." त्याने बसल्या बसल्या करून दाखवलं. एक पाय वर, दुसरा खाली. एक वर, दुसरा खाली.

तो भाता होता. दिलीपला कळण्याचं कारण नव्हतं, मला मात्र ताल पण ओळखू आला. भर उन्हात मी ओसरीवर बसून घेतलं.

मैनाबाई आतून आली. अंगाने भरली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे तेज, रडू नव्हे. लुगडं तिने घेतलं आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

"बरा झाला का?"

"झाला."

"न्यायले आले का तुमची वस्तू?"

मी दिलीपकडे पाहिलं. तो मोहफुलं पसरत होता आणि गुणगुणत होता. मी म्हटलं, "नाही बाई. असू द्या तुमच्याकडेच. मला घाई नाही."

"ठेवते," ती म्हणाली. "मले कामी येऊन राह्यली."

हे सगळं मी वंदनाला त्या रात्री सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हातारीला नाटक बघून उभारी आली असेल, तुम्ही उगाच मध्ये घुसू नका. तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पायांचं काय, असं विचारल्यावर मात्र ती दिवा मालवून कूस बदलून झोपली.

आता यंदाची गोष्ट. दिवाळी झाली होती, तालमी सुरू होत्या. वडशाला घरीच झोपलो होतो. दोन वाजता डोळे टक्क उघडले.

भूक. तीच. पोटात खड्डा पडल्यासारखी.

मी स्वयंपाकघरात गेलो. सेव समोर होती, लपवायचं कारणच उरलं नव्हतं. हात पुढे गेला आणि थांबला. मला सेव नको होती. मला पेज हवी होती. कण्यांची, पातळ, मिठाचा खडा टाकलेली. मी पेज कधीच खात नाही. लहानपणी आजारपणात पाजायचे तर मी वाटी उलटवायचो, हे माझी आई सगळ्या नातेवाइकांना सांगत असे. आणि इथे पेजेच्या नुसत्या विचाराने तोंडाला पाणी सुटलं होतं. वंदना उठून आली. मी म्हटलं, "थोडी पेज करून देतेस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मुकाट्याने गॅस लावला.

सकाळ होताच दिलीपला फोन लावला. त्या बाजूला नेटवर्कची बोंब, बऱ्याच वेळाने लागला.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. रात्री उठली नाई फक्त. मी म्हनलं काऊन नाई उठली, तं म्हने मास्तरची वस्तू देऊन टाकली. तुमी आले होते का इकडं?"

मी म्हटलं, "तिला फोन द्या."

तिचा श्वास ऐकू आला. मी भराभरा बोललो, शब्दही घरच्या बोलीतलेच निघाले. "बाई, ठेवून घ्या ना अजून. मले काऊन परत दिली? मले नाई पाहिजे. तुमीच ठेवा."

 ती शांतपणे म्हणाली, "नाई भाऊ. मले आता नाई लागत. अन कोनाची वस्तू ठेवून कशी जाऊ?"

त्याच आठवड्यात ती गेली. मी मातीला गेलो होतो. दिलीपने सांगितलं की शेवटी त्रास झाला नाही, फक्त जेवण पुन्हा सुटलं होतं. मला तिथे रडू आवरेना. लोकांना वाटलं असेल, नाटकवाला आहे.

योगायोग म्हणाल तर म्हणा, मी स्वतःला रोज तेच सांगतो. म्हाताऱ्या माणसांचं खाणं सुटतं, पुन्हा लागतं. गोळ्यांनी भूक मरते. पण मग सेव कुठून आली, पाय का हलायचे, आणि मला ही पेज कुठून लागली... इथे येऊन माझं डोकं चालत नाही.

सध्या असं आहे की दोनला जाग येते. वंदना झोपण्याआधी पेज करून झाकून ठेवते. मध्यंतरात पण मी डब्यातली पेजच पितो, बाकीचे भजे खातात आणि चिडवतात. दोन घोट घेतले की भूक निवते. पूर्वी माझी भूक कधीच दोन घोटांत निवली नव्हती. पाय ठीक आहे, पेटी चालू आहे. अंगठ्याची जखम पुन्हा उघडली नाही.

फक्त एक विचार पाठ सोडत नाही. मैनाबाई म्हणायची, माझ्याकडे कोणाची वस्तू राहत नाही. पण पहाटेच्या अंधारात अदलाबदल होते, हे मी इतकी वर्षं पाहिलेलं आहे. ती आधीच थकलेली होती, जायची घाई होती. तिने मला माझीच भूक परत दिली, की चुकून तिची दिली?